रिमवरचा ब्रेक आणि ठाणे-कल्याणचे रस्ते

सायकलच्या रिम ब्रेकमध्ये चाकाची रिम हाच ब्रेकचा अर्धा भाग असतो. हँडलवरचा लिव्हर दाबला की ब्रेकशू रिमवर घासतात, सायकलच्या गतीची उष्णता होते आणि ती रबर, रिम आणि भोवतालची हवा यांत वाटली जाते. ब्रेक कसा लागेल हे म्हणून एकट्या रबरावर ठरत नाही. रिम कशाची आहे, ओली आहे की कोरडी, आणि अंगावर आलेली उष्णता ती किती लवकर बाहेर टाकते, या गोष्टींवरही ते ठरते. लाकूड, पोलाद, ॲल्युमिनिअम आणि कार्बन अशी रिमची चार युगे झाली. दर युगात जुने रबर निकामी ठरले आणि ब्रेकची विद्या पुन्हा नव्याने शिकावी लागली.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात ब्रेकच्या दोन कठीण परीक्षा एकाच ठिकाणी होतात. पहिली पावसाची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे वर्षाचा जवळजवळ सगळा, म्हणजे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि रिम दिवसचे दिवस ओली राहते. दुसरी उताराची. खाडीकाठची वस्ती सपाट असली तरी तिच्या कडेला डोंगर उभे आहेत. ठाण्यातून येऊरचा चढ सुरू होतो, घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा छोटा घाट लागतो, कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज गाठता येतो आणि शहापूरच्या पुढे मुंबई-आग्रा रस्ता कसारा घाटाने इगतपुरीला चढतो. चढलेला प्रत्येक मीटर परतताना ब्रेकने फेडावा लागतो.

सायकलच्या आधीच्या दुचाकीलाही ब्रेक होता. कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ साली पायाने ढकलत चालवायचे जे लाकडी यंत्र बनवले, त्याच्या मागच्या चाकावर दोरीने ओढायचा अडसर बसवलेला होता. पुढे पेडलवाल्या गाड्या आल्या तेव्हा चमच्याच्या आकाराची धातूची पट्टी थेट धावेवर दाबण्याची पद्धत पडली. धाव लोखंडाची किंवा भरीव रबराची होती तोवर हे चालून गेले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि चमचा ब्रेक मागे पडू लागला, कारण तो टायरच झिजवत असे. ब्रेकला घासण्यासाठी दुसरी जागा शोधावी लागली आणि ती रिमवर सापडली. त्या काळातल्या शर्यतीच्या सायकलींना लाकडी रिमही असत. त्यांच्यावर कठीण रबर चालत नसे, म्हणून बुचाच्या झाडाच्या सालीचे, म्हणजे कॉर्कचे ठोकळे वापरत. जवळजवळ शंभर वर्षांनी कार्बन रिमसाठी पुन्हा कॉर्कचीच आठवण झाली, हे पुढे येईल.

इंग्रजी कारखान्यांनी यातून काढलेला तोडगा म्हणजे सळईचा ब्रेक. हँडलखालच्या आडव्या लिव्हरपासून सळया आणि जोड-खिळ्यांची साखळी निघते आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना आलेली नालेसारखी पट्टी वर ओढते. पट्टीच्या टोकांना बसवलेली रबरे रिमच्या आतल्या, हबकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर दाबली जातात. त्यासाठी कडा गोल वळवलेली 'वेस्टवुड' नावाची पोलादी रिम लागते. १८९० च्या दशकाच्या अखेरीस अर्नेस्ट बाउडेन यांच्या नावाची वायर निघाली, वेटोळ्या आवरणातून ओढ पोहोचवता येऊ लागली आणि युरोपात केबलचे ब्रेक पसरले. वसाहतींकडे निघालेल्या सायकली मात्र सळईच्याच राहिल्या.

त्या सायकली मुंबई बंदरात उतरत. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये आणि कल्याणपर्यंतचा टप्पा १८५४ मध्ये सुरू झालेला असल्याने मुंबईतला माल या गावांत पोहोचायला अडचण नव्हती. रॅले, हंबर, बीएसए, फिलिप्स, हर्क्युलस ही नावे मराठी घरांत अशी रुळली की पुढच्या दोन पिढ्या सायकलला कंपनीच्या नावानेच ओळखत. या गाड्यांच्या ताकदीचा मोठा पुरावा मुंबईच्याच तरुणांनी दिला. १९२३ साली अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण आपल्या साथीदारांसह मुंबईहून सायकलवर निघाले आणि हे तिघे जगाची फेरी पुरी करून १९२८ मध्ये परतले. पर्वत, वाळवंटे आणि जंगलवाटा त्यांनी आजच्या मापाने अगदी साध्या ब्रेकांवर ओलांडल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला आणि सायकल देशात बनू लागली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स (१९४९), सोनिपतला ॲटलास (१९५१) आणि लुधियान्यात हीरो (१९५६) यांची भर पडली. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या अडचणीत आल्यावर १९८० च्या कायद्याने सरकारने त्यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि वरळीचा कारखाना नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे गेला. मालकी बदलत गेली, पण या सगळ्या कारखान्यांतून बाहेर पडणारी काळी सायकल जवळजवळ एकच होती. २२ किंवा २४ इंची फ्रेम, २८ इंची चाके, पोलादी वेस्टवुड रिम, सळईचे ब्रेक आणि वीस किलोच्या आसपास वजन.

सळईचा ब्रेक इतका काळ टिकला, याचे कारण मागासलेपणात शोधणे चूक आहे. या ब्रेकमध्ये गंजून तुटणारी वायर नाही. कोकणच्या दमट हवेत वायर आवरणात जाम होते. सळईला मात्र सांध्यांवर तेलाचे दोन थेंब पुरतात. रबर रिमच्या बाजूवर न दाबता आतून दाबले जाते, त्यामुळे खड्ड्यात आदळून चाक थोडे आऊट झाले, डावीउजवीकडे डुलू लागले, तरी ब्रेक घासत राहत नाही. केबलच्या ब्रेकला असे डुलणारे चाक मुळीच चालत नाही. सळई वाकली तर हातोडीने सरळ होते आणि सगळी जुळणी एका पान्यावर करता येते. सायकल हे उत्पन्नाचे साधन होते तिथे या गुणांची किंमत फार मोठी होती.

आणि ठाणे-कल्याणात ती उत्पन्नाचेच साधन होती. कल्याणच्या गोठ्यांतून दूध घेऊन निघालेला दूधवाला, पहाटे स्टेशनवर उतरलेले गठ्ठे उचलणारा वर्तमानपत्रवाला, पावाचा पेटारा मागे बांधलेला पाववाला, टपालवाला, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून नेणारा पोऱ्या, या सगळ्यांचा धंदा काळ्या सायकलच्या कॅरिअरवर चाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, आणि पाठोपाठ डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र वाढले. पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांतून कामगारांच्या सायकली बाहेर पडत. मुंबईला नोकरी करणारे घरापासून स्टेशनपर्यंत सायकलने येत, स्टँडवर लावत आणि लोकल पकडत. सायकल स्टँड हा या स्टेशनांच्या आवारातला एक मोठा धंदाच होता.

त्याच्याच शेजारी सायकलवाल्याचे दुकान. पंक्चर, हवा, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आऊट काढणे आणि तासावर भाड्याने सायकल देणे ही त्याची मुख्य कामे. शाळकरी पोरे सुटीत अर्ध्या तासाची भाड्याची सायकल घेऊन मधल्या त्रिकोणातून पाय घालत शिकत. त्या सायकलींचे ब्रेक बहुधा नावापुरतेच असत. पुढच्याचे रबर गुळगुळीत, मागच्याची सळई सैल, आणि थांबायचे ते चपलेचा तळ रस्त्यावर घासून. दुकानदाराच्या दृष्टीने ब्रेक ही दुय्यम दुरुस्ती होती. हवा नसलेली सायकल गिऱ्हाईक परत आणून देई, ब्रेक नसलेली तो कशीबशी चालवून घेई. या सवयीचे कौतुक करण्यासारखे काही नाही. तिच्यामुळे अनेकांचे गुडघे फुटले आहेत.

एवढ्या कमकुवत ब्रेकवर एवढी ओझी वाहिली गेली, याचे उत्तर वेगात आहे. दूधवाला, सायकल आणि भरलेल्या किटल्या मिळून वजन दीडशे किलो धरले आणि वेग ताशी १५ किलोमीटर, तर थांबताना ब्रेकला सुमारे १,३०० ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. आजचा हलक्या सायकलवरचा हौशी स्वार सायकलसह ८५ किलो भरतो, पण तो ताशी ३० किलोमीटरने जातो. त्याला थांबवायला जवळजवळ ३,००० ज्यूल पचवावे लागतात. वजन दुप्पट झाले तर ब्रेकचे काम दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. काळ्या सायकलचा बेताचा वेग हाच तिचा खरा ब्रेक होता. रस्त्यांवर मोटारींची गर्दी होईपर्यंत तो पुरलाही.

पावसात मात्र तो अपुरा पडे. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम आरशासारखी गुळगुळीत असते. तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसला की रबर धातूला टेकतच नाही, पाण्यावर घसरत राहते. कोरड्या रिमवर जी पकड मिळते तिचा अगदी लहानसा अंश उरतो. चाकाचे कितीतरी फेरे फुकट गेल्यावर पाणी पुसले जाते आणि मग ब्रेक एकाएकी धरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड गॉर्डन विल्सन यांच्या देखरेखीखाली यावर मुद्दाम प्रयोग झाले आणि ओल्या पोलादी रिमवर साध्या रबराची पकड किती कोसळते हे मोजमापाने सिद्ध झाले. इंग्लंडात त्यावर चामड्याचा थर लावलेले ब्रेकशू निघाले. चामडे पाणी शोषून घेते आणि ओल्या पोलादावर रबरापेक्षा बरे धरते. ठाण्या-कल्याणाच्या दुकानांत नेहमी मिळे ते साधे काळे किंवा तांबडे रबरच. पावसाळ्यात लोक सायकल सावकाश चालवत, उतारावर उतरून हाताने धरून नेत, आणि शहाणा माणूस थांबायच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक धरून रिम पुसून घेई. ही शेवटची युक्ती आजच्या सर्वांत महागड्या चाकालाही लागू पडते.

केबलचा कॅलिपर ब्रेक या भागात सर्रास दिसू लागला तो १९८० च्या दशकात, मुलांच्या आणि तरुणांच्या सायकलींवर. बीएसए एसएलआरसारखी हलकी सायकल कॉलेजच्या दारात उभी राहू लागली. पुढच्या दशकात जाड टायरच्या 'रेंजर' सायकली आल्या. त्यांच्यावर कँटिलिव्हर ब्रेक होते, आणि शिमानोने १९९६ च्या सुमारास आणलेला व्ही-ब्रेकही मागाहून पोहोचला. या ब्रेकांना ओढ भरपूर, पण स्वस्त सायकलींवरची रिम अजून पोलादीच होती. चांगला ब्रेक वाईट रिमवर बसवण्याचा हा काळ, आणि त्याचा फायदा निम्माच झाला.

खरी सुधारणा ॲल्युमिनिअमच्या रिमने आणली. युरोपातल्या शर्यतींत ती फार आधीपासून होती, आपल्याकडे सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात यायला नवे शतक उजाडले. ॲल्युमिनिअम पोलादापेक्षा मऊ असते. त्याची बाजू यंत्रावर तासून बारीक खरबरीत ठेवता येते, त्यावर पाण्याचा थर टिकत नाही आणि ते उष्णता झपाट्याने वाहून नेऊन हवेला देते. ओल्यासाठी लोहभस्म मिसळलेली गुलाबट-तांबूस रबरे निघाली, ती या रिमवर उत्तम चालतात. एकच दोष म्हणजे रिम झिजते. रस्त्यावरची वाळू आणि सिमेंटची धूळ रबरात रुतते आणि दर ब्रेकला रिम कानशीसारखी घासली जाते. बांधकामे आणि खोदकामे कायम चालू असलेल्या घोडबंदर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर पावसाळ्यात दोन्ही चाकांवर करडा चिखल दिसतो, त्यात रिमचाच भुगा असतो. तरीही सर्व बाजूंनी पाहता रिम ब्रेकसाठी ॲल्युमिनिअमइतकी गुणी रिम दुसरी झालेली नाही.

तरीही शर्यतीच्या जगाने ती सोडली, कारण हवा. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोसर यांनी मेक्सिको सिटीत भरीव तबकडी चाकांवर एका तासात ५१ किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि चाकाच्या आकाराने किती फरक पडतो हे जगाला दिसले. खोल कडांची रिम हवा कमी अडवते. तेवढी खोल रिम ॲल्युमिनिअमची केली तर जड होते, कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांची केली तर हलकी आणि ताठ होते. सुरुवातीच्या कार्बन रिम ट्युब्युलर टायरसाठी होत्या. हा टायर रिमवर चिकटवलेला असतो, त्यामुळे हवेचा दाब टायरच्या शिवलेल्या आवरणातच राहतो. २०१० मध्ये फाबियान कान्चेलारा यांनी पॅरिस-रूबेची दगडी शर्यत अशाच कार्बन चाकांवर जिंकली आणि कार्बन नाजूक असते ही समजूत गेली. मग साध्या ट्यूब-टायरच्या, म्हणजे क्लिंचर, कार्बन रिम बाजारात आल्या आणि हौशी सायकलस्वारांपर्यंत पोहोचल्या. ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये तोवर पहाटेच्या सायकल गटांची चळवळ उभी राहिली होती. येऊरचे चढ, २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, नाशिकपर्यंतच्या फेऱ्या सुरू झाल्या. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली, तेव्हा कसारा घाटाच्या दोन्ही अंगांना लांब पल्ल्याच्या सायकलिंगची हौस आणखी वाढली. काही जणांच्या सायकलींना कार्बन चाके लागली, आणि रिम ब्रेकचा जुना प्रश्न नव्या रूपात या रस्त्यांवर आला.

प्रश्न उष्णतेचा होता. ॲल्युमिनिअमच्या मानाने कार्बनचा थर जाडीच्या दिशेने उष्णता शेकडो पट कमी वाहतो. ब्रेकने निर्माण केलेली उष्णता आत न पसरता घासणाऱ्या पट्ट्यातच साठते. इपॉक्सी राळेला एक काचसंक्रमण तापमान असते. साध्या राळेसाठी ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, खास राळेसाठी २०० च्या पुढे. त्या मर्यादेजवळ राळ कडकपणा सोडू लागते. क्लिंचर टायरमध्ये शंभर पौंडांच्या आसपास दाबाची हवा रिमच्या दोन्ही कडा बाहेर ढकलत असते. राळ मऊ पडली की कड फुगते, थर सुटतात, टायर निसटू शकतो. पातळ लॅटेक्सची ट्यूब त्या आधीच फाटते. कित्येक चाक-कारखान्यांनी म्हणून कार्बन रिमवर लॅटेक्स ट्यूब आणि रिम ब्रेक या जोडीला मनाई केली.

कसारा घाटाच्या उताराने ही अडचण आकड्यांत मांडता येते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, एकूण उतरण ३०० मीटर, उतार सरासरी ६ टक्के, म्हणजे सुमारे ५ किलोमीटर रस्ता असे गणितापुरते धरू. वरून खाली येताना अडीच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने सिग्नलवर ८० हून अधिक वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. ती सगळी ब्रेकच्या वाट्याला येत नाही, वेग जसा असेल तसा हवा तिचा हिस्सा घेते. ताशी ४५ किलोमीटरने उतरल्यास हवा आणि टायरचे घर्षण मिळून बहुतेक भार उचलतात, ब्रेककडे साधारण सहावा हिस्सा येतो. ताशी २० किलोमीटरने सतत ब्रेक धरून उतरल्यास तीन चतुर्थांश ऊर्जा रिमवरच ओतली जाते, तीही पंधरा मिनिटे न थांबता. कार्बन रिमला जपून, घाबरत उतरणाऱ्याचा धोका जास्त असतो तो याच कारणाने. आणि कसारा घाटात वेग सोडून देणे स्वाराच्या हातात नसते. पुढे गिअरमध्ये रांगणारे ट्रक, वळणावर अडलेली बस, कडेला खडी. युरोपच्या मोकळ्या डोंगरी रस्त्यांवर बेतलेला सल्ला येथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

चाक बनवणाऱ्यांनी आणि स्वारांनी यावर चार वाटांनी काम केले. पहिली वाट राळेची. काचसंक्रमण तापमान वाढवलेली राळ ब्रेकच्या पट्ट्यात वापरली गेली, काही ठिकाणी तंतूंच्या थरांची मांडणीही बदलली गेली. दुसरी पृष्ठभागाची. गुळगुळीत चकाकत्या राळेवर रबर घसरते, म्हणून वरचा राळेचा थर तासून तंतू उघडे करणे, पट्ट्यावर बारीक खाचा पाडणे, सिलिकॉन कार्बाइडसारखा कठीण कण मिसळणे असे उपाय निघाले. कॅम्पान्योलोने हिऱ्याच्या अवजाराने पट्टा तासला, झिप आणि एन्व्ही यांनी खाचा असलेले पट्टे आणले. ओल्या रिमवर पकड यायला लागणारा उशीर यामुळे बराच घटला. स्वस्त रिमवर बेसॉल्टच्या धाग्याचा पट्टा देऊन उष्णतेला तोंड देण्याचा दावा केला जातो. तो पट्टा किती टिकेल हे शेवटी राळेवरच अवलंबून असते.

तिसरी वाट ब्रेकशूची, आणि ती सामान्य स्वाराच्याही हातातली. कार्बनसाठी आधी कॉर्कचे ठोकळे वापरले गेले. ते रिमला मऊ होते आणि तापत कमी, पण पटकन झिजत आणि पावसात कमी पडत. नंतर खास संयुगांचे शू निघाले. स्विसस्टॉपचे पिवळे आणि त्यामागून आलेले काळे शू हे त्यातले सर्वांत परिचित. चांगल्या कार्बन शूचे काम दुहेरी असते, पकड द्यायची आणि तापमान मर्यादेच्या आत ठेवायचे. एका कारखान्याची राळ आणि दुसऱ्याचे संयुग जुळेलच असे नाही, म्हणून रिमच्या कारखान्याने सांगितलेलाच शू वापरणे हा नियम आहे. दुसरा नियम त्याहून कडक. ॲल्युमिनिअमच्या रिमवर वापरलेला शू कार्बनवर कधीही लावायचा नाही. त्यात रुतलेले धातूचे कण कार्बनचे थर ओरबाडतात. सरावासाठी ॲल्युमिनिअम चाके आणि शर्यतीसाठी कार्बन चाके ठेवणाऱ्यांनी चाकाबरोबर शूही बदलायचे असतात, आणि टाळाटाळ नेमकी इथेच होते. शू बसवताना पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित आधी टेकेल असे तिरके ठेवले तर कर्कश किंचाळणे थांबते. नव्या रिमवर सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक पुष्कळदा लावून पट्टा आणि शू एकमेकांना बसू द्यावे लागतात.

चौथी वाट हात बदलण्याची, म्हणजे ब्रेक धरण्याच्या सवयीची. वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ ब्रेक लावायचा, मग दोन्ही लिव्हर पूर्ण सोडून रिमला वारा लागू द्यायचा, आणि पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक वाटून वापरायचा. सतत हलका ब्रेक धरून ठेवणे सर्वांत वाईट. घाटात गर्दी असेल तर कडेला थांबून रिम निवू देणे यात कमीपणा नाही. मधला मार्ग म्हणून काही कारखान्यांनी ॲल्युमिनिअमच्या रिमवर कार्बनची खोल कड चढवली. वजन थोडे वाढते, पण ब्रेक ॲल्युमिनिअमचाच मिळतो. आपल्या पावसाच्या आणि घाटांच्या प्रदेशात रिम ब्रेक ठेवायचाच असेल, तर ही जोडी निव्वळ कार्बनपेक्षा शहाणपणाची ठरते.

हा सगळा खटाटोप चालू असतानाच डिस्क ब्रेकने तो अनावश्यक ठरवला. ब्रेकचे काम रिमवरून काढून हबजवळच्या पोलादी चकतीकडे गेले. चकती टायरपासून दूर असते, शेकडो अंश तापली तरी ट्यूब आणि राळ सुरक्षित राहतात. चाकावरचा चिखल-पाणी तिथपर्यंत कमी पोहोचते आणि पोहोचले तरी छोट्या कठीण पॅडखाली ते लगेच पुसले जाते. जागतिक सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्कची चाचणी २०१५ मध्ये सुरू केली, एप्रिल २०१६ मध्ये पॅरिस-रूबेत फ्रान्सिस्को वेन्तोसो जखमी झाल्यावर ती स्थगित केली, २०१७ मध्ये पुन्हा चालू केली आणि १ जुलै २०१८ पासून डिस्कला कायमची मान्यता दिली. २०१९ चा टूर द फ्रान्स इगान बर्नाल यांनी रिम ब्रेकवरच जिंकला, पण त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक रिम ब्रेकच्या उंची सायकली बनवणे थांबवले. नव्या कार्बन रिमवर आता घासण्याचा पट्टाच नसतो. त्यामुळे त्या अधिक हलक्या आणि रुंद झाल्या आहेत.

दुकानांच्या कामातही यामुळे फरक पडला. सळईच्या ब्रेकला पाना आणि हातोडी पुरे, केबलला वायर कापायची पक्कड. तेलाच्या डिस्क ब्रेकला हवा काढण्याचा संच, योग्य जातीचे तेल आणि स्वच्छ हात लागतात. तेलाचा एक थेंब पॅडवर पडला तर पॅड टाकून द्यावे लागतात. ठाणे आणि डोंबिवलीत हे काम करणारी मोजकी दुकाने आहेत. स्टेशनजवळचा जुना सायकलवाला अजून रबर, पंक्चर आणि चाकाचा आऊट यांवर पोट भरतो. त्याला हे नवे काम शिकवण्याची सोय झाली पाहिजे. चाक कसे डुलते आणि ब्रेक कुठे धरतो हे ओळखणारी नजर त्याच्याकडे आधीच आहे.

रिम ब्रेकची कार्बन चाके मात्र नाहीशी झालेली नाहीत. डिस्कवर गेलेल्यांनी विकलेली जुनी चाके कमी किमतीत हातोहात फिरत आहेत आणि पहिल्यांदा कार्बन घेणारे बरेच जण तीच घेतात. अशा चाकाची रिम आधी किती तापली असेल हे नुसत्या नजरेने कळेलच असे नाही. विकत घेण्याआधी टायर काढून दोन्ही कडांवरून बोट फिरवावे, फुगवटा, लहर किंवा पट्ट्यावर करपलेला डाग आढळल्यास ते चाक सोडून द्यावे. घेतलेच तर शू नवे आणि त्या रिमच्या कारखान्याने सांगितलेलेच लावावेत, ट्यूब लॅटेक्सची नसावी, आणि पावसाळ्याचे चार महिने, तसेच कसारा आणि माळशेज उतरताना, ॲल्युमिनिअमच्या रिमची चाके वापरावीत.